गोठ्याला जीपची धुरी

"डॉक्टर, आदी म्हशीला बगा!"

हे सांगणारे आबा स्वतःच गोठ्याच्या दारात आडवे झाले होते. डोकं फडक्यानं आवळलेलं, उलट्या चाललेल्या. मी श्रीगोंद्याचा गुरांचा डॉक्टर, त्यामुळे बोलावणं म्हशीसाठीच होतं. दुष्काळाच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट.

म्हैस उठत नव्हती, वैरणीला तोंड लावत नव्हती. तपासायला आत वाकलो, तर थोड्या वेळानं माझंच डोकं ठणकायला लागलं. झरोके गोणपाटानं बुजवलेले. आबांच्या मुलाला, बापूरावला विचारलं, "हे काय?"

"धुरी दिली की! गोमाशा लई झाल्यात."

"मग लिंबाच्या पाल्याचा वास कुठंय?"

बापूरावनं ऐटीत बाहेर बोट केलं. नगरला मिलिटरीच्या लिलावात घेतलेली जुनी जीप, सायलेन्सर गोठ्याकडं करून उभी.

"पाला कशाला जाळायचा? हिचा धूर लई जालीम. वाया जाऊ नये म्हून गोणपाट लावलं. म्हस बुजाय नको म्हून आबा बसलं तिच्याजवळ."

"अरे शहाण्या, अक्कल चरायला गेली होती का?"

मग मी त्याला समजावलं. पेट्रोलच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू असतो. त्याला ना रंग, ना वास. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तसा तो रक्तात जागा धरतो. प्राणवायू बिचारा उभाच राहतो. मग डोकं दुखतं, ओकाऱ्या होतात, आणि वेळेत बाहेर काढलं नाही तर जीव जातो. माणसाचाही आणि म्हशीचाही.

बापूराव पांढराफटक. "आबा जात्यात का काय?"

"आदी म्हस!" आबा खेकसले.

गडीमाणसांनी म्हैस ओढून अंगणात आणली. आबांना दवाखान्यात न्यायला बापूराव जीपकडं धावला. जीप हलेना. सगळं पेट्रोल गोमाशांवर खर्ची पडलेलं, आणि गोमाशा ठणठणीत!

शेवटी बैलगाडी जुंपली. मीही बसलो, कारण माझा जीव टांगणीला लागला होता. मोकळं रान, तोंडावर वारं. अर्ध्या वाटेत आबा उठून बसले. थोडं पुढं गेल्यावर त्यांनी बापूरावच्या हातातला कासरा काढून घेतला. "नीट हाक की! बैलं हायती, जीप न्हाई."

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी विचारलं, "पेशंट कोण?"

आबांनी बापूरावला पुढं ढकललं. "ह्याचं डोस्कं तपासा."

आबांनाही तपासलं. ते वाचले, म्हैसही संध्याकाळी वैरण खाऊ लागली. या दुखण्यावर पहिला उपाय म्हणजे मोकळी हवा. तेव्हापासून कुठल्याही गोठ्यात शिरण्याआधी बाहेर कोणती गाडी उभी आहे, ते मी बघून घेतो.