अर्ध्यावर तोडलेली सनई

कुकरची दुसरी शिट्टी झाली, ह्यांचा डबा भरायचा राहिला होता, आणि दार वाजलं. बेल असताना दार ठोकणारा माणूस एकतर घाईत असतो, नाहीतर चुकलेला. हा दोन्ही होता.

"सनईवाले काका इथेच ना?"

"शेजारी. पण बेल शोधू नका. बेसूर वाजते म्हणून त्यांनीच काढून टाकलीय."

बिबवेवाडीतल्या आमच्या इमारतीत ज्ञानदेवभाऊ आणि आम्ही भिंतीला भिंत लावून राहतो. त्यांनी खडकीच्या कारखान्यात नोकरी केली आणि लग्नसराईत सनई वाजवली. निवृत्तीनंतर समोरचे दात गेले. कवळी बसली, पण फुंक सापडेना. तेव्हा हा माणूस पुन्हा पहिल्या सुरापासून शिकायला बसला. ती सगळी बाराखडी आम्ही ऐकली. भिंतीला खरंच कान असते तर तिने बिऱ्हाड बदललं असतं. आणि मग एका सकाळी सूर असा लागला की माझी तव्यावरची पोळी करपली.

आलेला तरुण अभिनव, एका सांस्कृतिक महोत्सवाच्या आयोजकांचा माणूस. भाऊ दळण आणायला गेले होते, म्हणून त्याला आमच्याकडेच बसवलं, चहा टाकला. त्याने कौतुकाने माहितीपत्रक पुढे केलं. 'सांस्कृतिक राजधानीत आलात? मग हे पाहाच!' आत वाडे, लेणी, मैफिली, मिरवणुका, तारखा. मुखपृष्ठावर भाऊ. फेटा, मिटलेले डोळे, फुगलेले गाल. खाली बारीक अक्षरांत छायाचित्रकाराचं नाव होतं. ज्याचे गाल, त्याचं नव्हतं.

"यांचं नाव कुठंय?"

"जागा नव्हती, काकू."

छायाचित्रकारापुरती होती.

तेवढ्यात भाऊ आले. पिठाचा डबा खाली ठेवून खुर्चीच्या कडेवर टेकले.

"काका, यंदा तुम्हाला काही त्रासच नाही," अभिनव म्हणाला. "वाजवायचंच नाही. फेटा बांधून गेटवर बसायचं आणि सनई ओठांना लावायची. स्पीकरवर ट्रॅक लावू. तुम्ही वाजवता ते फार मोठं होतं, पाहुण्यांना एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही."

"ट्रॅक कोणाचा?" भाऊंनी विचारलं.

"तुमचाच! गेल्या वर्षी मी फोनवर घेतला होता."

"त्यांना न विचारता?" हे मी.

उत्तर म्हणून त्याने फोनवरचं ते रेकॉर्डिंगच लावलं. सनई सुरू झाली. तिच्यावरच एक बाई कुणालातरी साडीचं दुकान सांगत होती. "गाडी इथे लावायची नाही, पाटी वाचता येते ना?" असं अस्सल पुणेरी स्वागतही चाललं होतं. भाऊ मान खाली घालून ऐकत होते. सूर चढत गेला, वळला, आता समेवर येणार, तोच "बास बास, काका! साहेब आले!" आणि खाडकन शांतता. क्षणभराने पुन्हा पहिल्यापासून.

"लूपवर आहे," अभिनव अभिमानाने म्हणाला. "ते 'बास बास' काढून टाकू."

माझं डोकंच फिरलं. "जिवंत माणूस समोर बसवायचा, हातात सनई द्यायची आणि आवाज तेवढा बंद करायचा? पुतळाच का नाही बसवत? त्याला चहासुद्धा विचारावा लागत नाही."

त्याने कप खाली ठेवला. "काकू, मला वरून सांगितलंय."

"मग वरच्यांना लावा फोन."

महोत्सवाचे कार्यवाह श्रीधरराव फोनच्या स्पीकरवर आले. "ज्ञानदेवराव, परंपरा टिकली पाहिजे, म्हणून तर गेटवर तुम्हीच हवेत!"

"परंपरा नुसती दिसायची, का ऐकूही यायची?" मला राहवलं नाही.

"आपण कोण?"

"शेजारीण. रोज ऐकणारी. तुमच्या मंडळात असं कुणी नसावं, म्हणून बोलले."

पलीकडून घसा खाकरल्याचा आवाज आला. "हे बघा, त्यांना जमत नसेल तर दुसऱ्या कुणाला फेटा बांधू. लांबून कोण ओळखतंय?"

म्हणजे त्यांचाच आवाज, त्यांचाच फोटो, आणि गेटवर दुसराच कोणी गाल फुगवून. मी मनात म्हटलं, भाऊ, आता हे माहितीपत्रक ह्याच्या हातात परत द्या आणि सांगा, या आता. मी असते तर दारापर्यंत पोचवायलाही गेले नसते.

भाऊंनी फोन जवळ ओढला. आवाज नेहमीसारखाच, मऊ.

"श्रीधरराव, आमच्या वडिलांनी शिकवलंय, फुंकायची नसेल तर सनई ओठांना लावायची नाही. ते माझ्याच्यानं व्हायचं नाही. मला स्टेज नको, सत्कार नको, गेटवरच बसतो. पण इतक्या वर्षांत दर वेळी साहेब आले की कुणीतरी हात वर करतं आणि मी थांबतो. तुमच्याकडे एकदाही मी शेवटपर्यंत वाजवलेलं नाही. ट्रॅक लावू नका. आणि यंदा साहेब आले तरी मला थांबवू नका. एवढी एक धून पुरी करू द्या."