रानतूर, तूर आणि मामीची शेळी

पीएचडीत मला एवढंच शोधायचं होतं, की आपली तूर आणि बांधावरची रानतूर एकमेकींपासून कधी वेगळ्या झाल्या.

"ते कळल्यावर तुरीला भाव वाढंल का?" मामानं विचारलं. नाही म्हटल्यावर त्याचा या विषयातला रस तिथंच संपला.

मामाचं शेत हसनाबादजवळ. तिथल्या बांधावर रानतुरीचा एक झकास वेल होता. मी त्याला लाल फीत बांधली, पानं तोडली आणि मामीला सगळं समजावून सांगायला बसले. डीएनएमध्ये काही उडाणटप्पू तुकडे असतात. ते स्वतःची नक्कल काढून दुसरीकडे घुसवतात. घुसताना त्या नकलेची दोन्ही टोकं अगदी सारखी असतात, मग काळ जातो तशा त्यांत वेगवेगळ्या चुका साठतात. त्या मोजल्या की तुकडा कधी घुसला ते कळतं. एकच तुकडा दोन्ही झाडांत त्याच जागी सापडला, तर तो दोघी एकत्र असतानाचा. एकीतच सापडला, तर वेगळ्या झाल्यानंतरचा.

"म्हंजी बिनबोलावता घुसायचं आन् वरून पिलावळ वाढवायची," मामी म्हणाली. "नणंदच की!"

मामीला नणंद एकच. ती माझी आई.

पुढे त्या पानांतून डीएनए काही धड निघेना. मी मामीला फोन केला. लाल फितीच्या वेलाची पानं बारीक तोडून, मी तिथं ठेवलेल्या, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या डबीत भरून पाठवा म्हटलं. डबी आली. पानांचा वाळून चुरा झाला होता, पण डीएनए सुरेख निघाला.

आणि निकाल बघून मी खुर्चीतच बसून राहिले. तुरीत ज्या जागी तुकडे, त्याच जागी रानतुरीतही. सगळेच्या सगळे. हिशेबानं या दोघी गेल्या आठवड्यात वेगळ्या झाल्या असाव्यात.

आमच्या सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "एक तर तू जग हादरवणारा शोध लावलायस," ते म्हणाले, "नाहीतर नळ्यांची अदलाबदल केलीयस. मला दुसऱ्याचीच खात्री वाटते."

मी सगळं पुन्हा केलं. पुन्हा तेच. जग हादरवायची थोडी स्वप्नंही पाहून घेतली. मग न राहवून मामीला फोन लावला.

"मामी, पानं लाल फितीच्याच झाडाची होती ना?"

"बिलकुल! फीत बघूनच तोडली."

"वेलाचीच?"



"आगं, त्यो वेल तर शेळीनं कवाच खाल्ला. फीत तेवढी राह्यली व्हती. मंग म्या ती बाजूच्या तुरीला बांधली. तू एवढी हौसंनं बांधून गेल्ती, तुला वाईट नको वाटाया."

"मामी, ती तूर होती!"

"मंग तू बी तूरच मागून राह्यली व्हती ना?"

मला हसावं की डोकं आपटावं कळेना. सरांना सांगितलं तर ते इतके हसले की शेजारच्या खोलीतले लोक बघायला आले. सरांना मात्र मी हळूच बजावलं की प्रबंधात शेळी येणार नाही. शेवटी आम्ही 'पहिली वनस्पती नैसर्गिक कारणाने नष्ट झाली' असं लिहिलं.

पुढच्या सुट्टीत मी स्वतः गेले. भोकरदनहून काळीपिवळी जीपमध्ये गुडघे पोटाशी घेऊन हसनाबाद गाठलं. मामीनं विहिरीच्या कडेचा दुसरा वेल दाखवला, आणि मी पानं तोडेपर्यंत हातात काठी घेऊन पहारा दिला.

या वेळी निकाल सरळ आला. काही तुकडे दोघींत होते, बरेचसे एकीतच. या दोघींना वेगळं होऊन लाखो वर्षं झाली होती. मी आनंदानं मामीला फोन करून सांगितलं.

"लाखो?" मामी म्हणाली. "आन् आजून एकाच बांधाला राहतेत? बरंय. ठिव आता, दूध उतू चाललंय."