सकाळी धड दिलेलं विमान

फौजेतून रिटायर झालेली चार माणसं रोज एका बाकावर बसू लागली की किस्से जमवावे लागत नाहीत. गादीखाली पिशव्या साठतात तसे ते आपोआप साठत जातात! कडेगावच्या स्टँडसमोर एका चहाच्या हॉटेलात आमचं असं बाकडं आहे. मी फौजेच्या सिग्नल खात्यातला हवालदार. सगळी नोकरी कानाला हेडफोन लावून दुसऱ्यांचं ऐकण्यात गेली, त्यामुळे इथेही ऐकायचं काम माझ्याचकडे आलं.

आमच्यात साहेब एकच. एकाहत्तरच्या लढाईत फायटर विमान उडवून वीरचक्र मिळवलेले, आता ऐंशीला टेकलेले. त्यांना खेटून बसतात ते अण्णा. मूळचे माधवनगरचे, पण मुलाचं दुकान इथं असल्यामुळे आता कडेगावकर झालेले. लढाईत साहेबांचं विमान ज्यांच्या ताब्यात असायचं ते फिटर हेच.

तर या साहेबांना म्हातारपणी एकच हट्ट. अण्णांना एकदा विमानात बसवायचं! कारण उभी हयात विमानांच्या पोटात हात घालून काढली, पण अण्णा स्वतः एकदाही आकाशात गेले नव्हते. साहेबांनी तीन वर्षं विनवण्या केल्या. अण्णा ढिम्म!

* * *

साहेब पायलट होऊन पहिल्यांदा सुट्टीवर आले तेव्हाची गोष्ट. आईनं भाकरी थापता थापता विचारलं, "इमानात तुज्यासंगं किती माणसं असत्यात रं?"

"एकटाच असतो आई. एकाच माणसाची जागा असते."

"कंडक्टरबी न्हाई?"

"नाही."

आईचा हात थांबला. चेहरा एकदम काळजीचा झाला.

"मग तुजा डोळा लागला तर हाक कोन मारायची?"

साहेब म्हणतात, ट्रेनिंगमध्ये शंभर इन्स्ट्रक्टर भेटले, पण हा प्रश्न एकानंही विचारला नव्हता.

* * *

साहेब आणि अण्णांची पहिली भेट पंजाबातल्या एका तळावर झाली. साहेब नवेकोरे, मिशी नुकतीच फुटलेली. पायलट लोक उड्डाणाआधी विमानाला एक फेरी मारून सगळं तपासतात. साहेबांनी ऐटीत फेरी मारली आणि चाकाला बुटानं हलकी लाथ घातली.

शिडी धरून उभे असलेले अण्णा आपल्याशीच पुटपुटले, "आलं आनकी एक बेनं! ह्ये माजं इमान मोडतंय बगा आता."

आसपास सगळे पंजाबी नाहीतर मद्रासी, त्यामुळे मराठीत काहीही बोलायला अण्णांना मोकळीक होती. साहेब शिडी चढून आत बसले, मागोमाग अण्णांनी शिडीवर चढून त्यांचे पट्टे बांधले. मग साहेब मान वळवून म्हणाले,

"मोडत न्हाई रं! गाव कुठलं तुजं?"

अण्णांनी शिडीवरच सॅल्यूट ठोकला. एक हात शिडीला, एक कपाळाला, पडता पडता वाचले! पण चाकाला लाथ मारायची नाही, हे मात्र त्यांनी त्याच दिवशी साहेबांकडून कबूल करून घेतलं.

* * *

वीरचक्राबद्दल साहेब बोलत नाहीत. मागच्या प्रजासत्ताक दिनाला शाळेत पाहुणे म्हणून बोलावलं. हेडमास्तरांनी आग्रह केला, मुलांना तो पराक्रम सांगाच. साहेब उभे राहिले. म्हणाले, "गेलो. काम केलं. आलो. जय हिंद."

आणि बसले की!

मुलं हिरमुसली. तेवढ्यात मागच्या खुर्चीतून अण्णा उठले. "आलो म्हंजे कसं आलो, त्ये सांगा की पोरास्नी!" साहेब हातानं 'बस, बस' करत होते, पण अण्णा माइकपाशी पोचले.

"रणगाड्यावर चार फेऱ्या मारून साहेब आलं. इंजनाचं त्याल गळतंय, एक चाक उतरंना, तसंच उतरवलं इमान! समदी पळत गेली, साहेबांस्नी खांद्यावर घेटलं. मी काय केलं? मी भोकं मोजली. सतरा! लय राग आला मला. म्हटलं साहेब, ह्ये काय आनलंय? सकाळी धड दिलंतं न्हवं!"

मुलं हसून हसून बेजार. हेडमास्तरांनी साहेबांना विचारलं, "मग तुम्ही काय म्हणालात?"

साहेब म्हणाले, "काय म्हणणार? सॉरी म्हणालो."

* * *

मागच्या हिवाळ्यात आम्ही कोयनानगरला सहल काढली. भाड्याची गाडी, पोरगेला ड्रायव्हर. घाट सुरू झाला आणि तिसऱ्याच वळणावर साहेब म्हणाले, "गाडी थांबव!"

दर दोन वळणांना उलटी. अण्णा पाठीवर हात फिरवतायत, मी पाण्याची बाटली धरून उभा. ड्रायव्हरला दया आली.

"आवं आजोबा, गाडीत पयल्यांदाच बसलाय जनू!"

आम्ही सगळे हसू दाबत साहेबांकडं बघू लागलो. साहेबांनी तोंड पुसलं आणि गरीब चेहऱ्यानं म्हणाले, "होय रं. सवय नाही."

ड्रायव्हरनं बिचाऱ्यानं पुढचा सगळा घाट बैलगाडीच्या चालीनं नेला. धरण बघायला पोचलो तेव्हा गेट बंद व्हायची वेळ झाली होती!

* * *

एकदा मीच आगाऊपणा केला. म्हटलं, "अण्णा, खरं सांगा, भिता ना विमानाला?" रोजची चेष्टा होती. अण्णा रोज हसून सोडून देत. त्या दिवशी त्यांनी कप खाली ठेवला.

"केरळचं एक कवळं साहेब हुतं. इमान मीच तयार केल्यालं, पट्टं मीच बांधल्यालं. जाताना हसून गेलं गड्या. परत आलंच न्हाई. मी शिडी घिऊन हुबा, पार दिस मावळंपतूर. तवाच ठरवलं. त्यो ज्या वाटंनं गेला, त्या वाटंनं आपुन मजेखातर जायाचं न्हाई."

मला स्वतःची फार लाज वाटली. तीन वर्षं आम्ही या माणसाला भित्रा म्हणत होतो. साहेबांना तो केरळचा पायलट माहीत होता, पण अण्णांचा नेम माहीत नव्हता. त्या दिवसापासून त्यांनी विमानाचं नावच काढलं नाही.

* * *

आणि मग दिल्लीहून पत्र आलं. साहेबांच्या जुन्या स्क्वाड्रनचं संमेलन, बहुतेक शेवटचंच. साहेबांचे दोन्ही गुडघे बदललेले, रेल्वेचा एवढा प्रवास डॉक्टरांनी बंद केलेला. विमानानं जाणं भाग होतं. साहेबांनी पत्र आम्हाला वाचून दाखवलं, घडी घालून खिशात ठेवलं. "जाईन एकटाच," म्हणाले. अण्णांना 'चल' म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी अण्णा बाकावर बसायच्या आतच म्हणाले, "माजंबी तिकीट काढा. ह्ये काय मजेखातर न्हाई. साहेब एकलं कुटं पडलं-बिडलं तर?"

सोबत मीही निघालो. पुण्याला विमानाच्या शिडीपाशी अण्णा थांबले आणि वाकून चाकं बघू लागले. मागं सगळी रांग खोळंबली. "बाबा, चला ना," असं तिथला माणूस तीनदा म्हणाला, तेव्हा कुठं वर चढले. खिडकीत अण्णा, मधे साहेब, कडेला मी.

विमान उडालं. अण्णांनी तळहात भिंतीला लावला, डोळे मिटून इंजिनाचा आवाज ऐकला आणि म्हणाले, "बरं हाय." मग खिडकीला नाक लावून लहान मुलासारखे खाली बघत बसले. मला इतका आनंद झाला की साहेबांना कोपरानं ढोसून दाखवायला गेलो.

पण साहेब बघतच नव्हते. ढगात विमान हादरे खात होतं आणि साहेबांनी डोळे गच्च मिटून खुर्चीचे दोन्ही हात आवळून धरले होते. कपाळावर घाम!

अण्णांनी वळून पाहिलं. साहेबांच्या मुठीवर हात ठेवला आणि हळूच विचारलं, "साहेब, भ्यालासा?"

"व्हय."

"आवं, मग लढाईत कसं जात हुतासा?"

साहेबांनी डोळे उघडले नाहीत.

"तवा तू खाली असायचास रं."