वाळू गेली, वाडी गेली

सांगलीहून निघाले तेव्हा मला फक्त खरबूज खायचं होतं. जळगावची माझी मैत्रीण शोभा दरवर्षी फोनवर चिडवायची, "तुमच्या बाजारातलं खरबूज म्हणजे पाणचट काकडी. गिरणेच्या वाळूतलं डांगर (खरबूज) खाऊन बघ एकदा." यंदा चैत्रात जमलं. धुळ्याला माझा मामेभाऊ सुधीर घर बांधत होता, तेही बघून होईल असा बेत केला.

जळगावला उतरले तर सकाळीच ऊन चावायला लागलेलं. शोभाने कळण्याची भाकरी (ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली) आणि नाकातोंडातून धूर काढणारी शेवभाजी वाढली. दुपार कलल्यावर तिच्या स्कूटरवरून आम्ही नदीकाठच्या गावी गेलो. तिच्या माहेरच्या ओळखीतल्या द्वारकाअक्का तिथे नदीच्या पात्रात वाडी लावतात. पावसाळ्यानंतर पाणी ओसरलं की वाळूत चर खणायचे, शेणखत भरायचं, बी टोकायचं. चैत्रात पात्रभर हिरवे वेल आणि त्यांत पिवळी फळं. हे सगळं शोभाने इतकं रंगवून सांगितलं होतं की काठावर पोचल्यावर मी आधी तिच्याकडेच बघितलं.

"नदी कुठाय?"

समोर खड्डे होते. काही खोलीएवढे, काही विहिरीएवढे. तळाला हिरवं, कुजकं पाणी. मधूनमधून उघडे पडलेले काळे खडक. आणि त्या सगळ्यातून ट्रॅक्टरच्या चाकांचे रस्ते, राजरोस, गाडीवाटेसारखे रुळलेले.

द्वारकाअक्का खाली थडीला उभ्या होत्या. साठीच्या, उंच, पदर डोक्यावर घट्ट ओढलेला. त्यांनी माझा हात धरून मला एका खड्ड्याच्या कडेला नेलं.

"हाई देख, बहिन. आठे मन्ही वाडी व्हती. बठ्ठी रेती लई ग्यात." (हे बघ, इथे माझी वाडी होती. सगळी वाळू नेली.)

काठाला चिकटून वाळूचा एक पट्टा तेवढा उरला होता. त्यावर त्यांनी यंदाचे वेल लावले होते. पानांखाली हात घालून त्यांनी एक फळ तोडलं, विळ्याने फोड कापून दिली. गर तोंडात घालताच विरघळला. नुसता गोडवा नव्हे, त्या वासाने टाळू भरून गेली. मी दुसरी फोड घेतली आणि तेवढ्यात पलीकडच्या खड्ड्यात ट्रॅक्टर उतरला. माणसं फावड्यांनी वाळू भरू लागली. भर उन्हात, आमच्या देखत. लपणं नाही, घाई नाही.

मी फोन काढून फोटो काढले.

थोड्याच वेळात एक मोटरसायकल आली. पांढरा शर्ट, काळा गॉगल, आवाज अगदी मऊ. "ताई, फोन दाखवा जरा." मी नाही म्हटलं. त्याने हसत हसत फोन माझ्या हातातून काढून घेतला, फोटो पुसले आणि परत दिला. "पाहुण्या आहात. पाहुण्यासारखं राहा."

मी काही बोलायच्या आत द्वारकाअक्का पुढे झाल्या आणि त्यांनी त्याच्यापुढे हात जोडले. त्याच्या आईच्या वयाच्या बाईने! "पाहुणी शे, भाऊ. तिले काय ठाऊक? सोडी द्या."

तो माझ्याशी बोलत होता, पण जाताना त्याने नीट बघून घेतलं ते अक्कांच्या वेलांकडे. ते मला तेव्हा कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी एसटीने धुळ्याला निघाले. पारोळ्याला गाडी थांबली, मी खिडकीतून चहा घेतला आणि शोभाचा फोन आला. रात्री कुणीतरी अक्कांच्या उरलेल्या पट्ट्यावर ट्रॅक्टर फिरवला होता. वेल, फळं, सगळं चिरडून टाकलं होतं. चहा माझ्या हातात तसाच राहिला. फोटो मी काढले होते. माझं एक पानही गेलं नव्हतं.

धुळ्याला सुधीर स्टँडवर घ्यायला आला. कौतुकाने थेट बांधकामावर घेऊन गेला. फाटकाशी वाळूचा ढीग होता, ओलसर, दाणेदार.

"गिरणेची आहे, ताई," तो म्हणाला. "ब्लॅकची. पण माल एक नंबर!"

"ब्लॅकची?" माझा आवाज इतका चढला की वरचे गवंडी खाली बघू लागले. "सुधीर, ही चोरीची आहे. चोरीचा माल दारात ओतून घेतोस आणि मला अभिमानाने दाखवतोस?"

"सगळेच घेतात. सरकारी पावतीच्या वाळूसाठी महिनोन्‌महिने थांबलो, मिळाली नाही. घर काय हवेत बांधू?"

मी त्याला द्वारकाअक्कांचं सांगितलं. तो म्हणाला, "वाईट झालं. पण मी न घेतल्याने काय थांबणार आहे?"

याच वाक्यावर तो सगळा धंदा उभा आहे. लहानपणी काळा बाजार म्हटलं की मला अंधारातलं गोदाम आणि पोत्यांमागे दडलेला शेठ दिसायचा. इथे अंधार कुठे होता? चोरणारा उजेडात, विकणारा उजेडात, विकत घेणारा तर माझ्या सख्ख्या मामाचा मुलगा. भ्यायचं फक्त हात जोडणाऱ्या बाईने. मी त्याच्या घरी पाणीसुद्धा प्यायले नाही. मामी रडल्या. मी जळगावची परतीची गाडी धरली.

शोभाला घेऊन थेट अक्कांकडे गेले. "चला, तक्रार देऊ. मी सही करते, साक्ष देते."

चिरडलेल्या वेलांतून त्या एकेक सुकी काटकी वेचत होत्या. रागावल्या नाहीत, याचाच मला जास्त राग आला.

"तू जाशी, बहिन," त्या म्हणाल्या. "माले आठेच ऱ्हानं शे." (तू निघून जाशील. मला इथेच राहायचंय.)

तरी मी एकटीने तालुक्याच्या कचेरीत जाऊन माझ्या नावाने अर्ज दिला. अक्कांचं नाव कुठेही घातलं नाही. समोरच्या माणसाने पुरावा मागितला. फोटो पुसल्याचं सांगितल्यावर त्याने खांदे उडवले आणि अर्ज बाजूला सरकवला.

सांगलीला येऊन आता बरेच दिवस झाले. सुधीरच्या वास्तुशांतीला मी गेले नाही. घरचे म्हणतात, वाळूवरून कुणी नातं तोडतं का? राग मात्र तसूभरही उतरलेला नाही, आणि तो उतरावा असं मला वाटतही नाही.

परवा शोभाचा फोन आला. द्वारकाअक्का आता जळगावच्या बाजारातून ठोक खरबुजं घेतात आणि रस्त्याकडेला टोपली मांडून बसतात. जुनी गिऱ्हाइकं थांबून विचारतात, गिरणेचंच ना? हो म्हटलं तर टोपली घटकाभरात रिकामी होईल. अक्का मान हलवतात.

"गिरणाना नही," म्हणतात, "विकत लयेल शेतस." (गिरणेची नाहीत, विकत आणलेली आहेत.)