भावोजी, टाळी आणि मी

सफाळ्यापासून बोईसरपर्यंत रागीट माणसं मी पुष्कळ पाहिली, मी स्वतःही त्यांतलाच, पण आमच्या भावोजींपुढे आम्ही सगळे गरीब गाई. भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. पालघरजवळच्या माहीमचे. उंची पाच फूट, वजन साठ किलोच्या आत आणि राग मात्र अख्ख्या तालुक्याला पुरून उरेल एवढा. हाच माणूस परदेशातल्या स्पर्धेत वजन उचलून सोन्याचं पदक घेऊन आला होता. तसं सांगितलं की ऐकणारा हमखास त्यांना वरून खालपर्यंत न्याहाळायचा आणि म्हणायचा, "हे?" त्या एका अक्षराने माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची, भावोजींचं तर विचारूच नका. पदकानंतर पालघरला त्यांचा सत्कार ठेवला होता. अध्यक्ष हार घेऊन पुढे आले आणि सरळ माझ्या गळ्यात घालून मोकळे झाले, कारण मी शेजारी उभा आणि अंगाने दुप्पट. मी घाईघाईने हार काढायला गेलो तर भावोजी गरजले, "ऱ्हाऊ दे, तुलाच शोभतो! उद्यापासून वजनंपण तूच उचल!" आणि भाषणबिषण न करता माहीमच्या एस.टी.त जाऊन बसले.

घरात हा माणूस काडी उचलत नसे. ताई विहिरीवरून दोन-दोन हंडे आणायची, बाजाराच्या पिशव्या आणायची, आणि आमचे पदकविजेते ओट्यावर बसून तेलाने दंड चोळत असायचे. मी एकदा रागाने म्हणालो, "भावोजी, निदान एक हंडा तरी घ्या!" तर म्हणतात कसे, "खांदा गेला तर देशाला तू तोंड दाखवशील?" हंडा शेवटी मीच आणला. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम सुरू झालं तेव्हा ते एका कंत्राटदाराकडे स्टोअरकीपर लागले. एकदा सिमेंटची गाडी चिखलात रुतली, तेव्हा एक फिटर बापडा सहज म्हणाला, "पहलवान, जरा हाथ लगाओ." भावोजींनी आधी स्टोअरला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि मग "पहलवान किसको बोला?" असं ओरडत त्या सहा फुटी माणसाला पार खाडीपर्यंत पळवलं. रोज सकाळी गावातल्या भाताच्या गिरणीत जाऊन काट्यावर उभं राहायचं आणि अर्धा किलो जास्त भरलं की गिरणीवाल्याशी भांडायचं, हाही नेम होता.

सराव वाडीत, पानवेलीच्या मांडवामागे चालायचा. तेव्हा स्पर्धेत प्रेस नावाचा एक प्रकार असे. वजन उचलून छातीशी आणायचं, तिथे पुतळ्यासारखं थांबायचं आणि समोरच्या पंचाने टाळी वाजवली की मगच डोक्यावर ढकलायचं. टाळीआधी ढकललं की बाद. आता माहीमच्या वाडीत पंच कुठून आणायचा? तेव्हा पंच आमची ताई. ती हातातलं काम टाकून, बोटांना मासळीचे खवले असले तरी तशीच, समोर उभी राहायची, नवऱ्याचा चेहरा बघायची, तो पुरता स्थिर झाला की टाळी द्यायची. वर्षानुवर्षं, दिवसाला वीस-पंचवीसदा. एकदा दूध उतू गेलं म्हणून ती टाळी न देताच आत पळाली. हा गृहस्थ वजन छातीशी धरून तसाच उभा! बोलता येईना, टाकवेना. चेहरा वांग्यासारखा जांभळा झाला. ताई परत आल्यावर टाळी मिळाली, वजन वर गेलं आणि मग जे काही बाहेर पडलं ते मला इथे लिहिता येणार नाही.

पुढे एका फार मोठ्या स्पर्धेसाठी परदेशी जाणारा संघ निवडायचा होता. चाचणी मुंबईला. भावोजी तेव्हा बत्तीस वर्षांचे. तशी स्पर्धा पुन्हा यायची ती चार वर्षांनी, म्हणजे आता नाही तर कधीच नाही, हे ते जेवताना, चालताना, गिरणीवाल्याशी भांडतानाही बोलून दाखवायचे. ताईने आजवर त्यांना स्पर्धेत कधी पाहिलं नव्हतं. तिला मी घेऊन गेलो. मीच! प्रत्येक प्रकारात तीन संधी. तिन्ही फुकट गेल्या तर घरचा रस्ता. भावोजींनी हट्टाने पहिल्याच खेपेला जबर वजन मागितलं, ते छातीवरून हललंच नाही. दुसऱ्या खेपेला पाठ मागे झुकली, लाल दिवे लागले, त्यावर पंचांशी हमरीतुमरी. अरे, काय अडलं होतं तेव्हा भांडायला! आठवलं तरी माझ्या डोक्यात तिडीक उठते. उरली तिसरी. वजन अलगद छातीशी आलं. भावोजी स्थिर झाले. सभागृह चिडीचूप. पंचाचे हात अजून खालीच होते आणि माझ्या शेजारी खणखणीत टाळी वाजली. त्याच क्षणी वजन वर गेलं, इतकं सरळ आणि सुंदर, की मी तसं पुन्हा पाहिलं नाही. तिन्ही दिवे लाल लागले.

टाळी देऊन ताईचे हात सवयीने पुन्हा पदराखाली गेले होते. तिने मला विचारलं, "काय रे, लाल का लागले? गेलं की वर!" आपल्या हातांनी काय केलं याचा तिला पत्ताच नव्हता. मी तोंड उघडणार तोच भावोजी मंचावरून उतरून आले आणि त्यांनी माझी कॉलर धरली. "तूच! तूच वाजवलीस टाळी!" शेजारी ताई उभी होती. तिच्यादेखत खरं कसं सांगणार? मी कॉलर सोडवून घेतली आणि तिला घेऊन बाहेर पडलो.

झालं. तेव्हापासून एडवणपासून बोईसरपर्यंत मी "टाळीवाला मेहुणा" झालो. लग्नात पंगतीला बसलो तर लोक माझ्याकडे बोट दाखवायचे. भावोजी तर संधी सोडायचे नाहीत. दिवाळीला ओवाळून झालं की फराळाआधी माझा उद्धार! पण चाचणीच्या दुसऱ्याच सकाळी त्यांनी वाडीत वजन मांडलं आणि ताईला हाक मारली, "ये गो, उभी ऱ्हा समोर." पुढची दोन वर्षं ती तशीच टाळी देत राहिली. मग उजवा खांदा कायमचा गेला आणि सगळं थांबलं.

तारापूरचं काम संपत आलं त्या वर्षी मी माहीमला गेलो होतो. ताई आत होती. भावोजींनी पुन्हा तेच सुरू केलं आणि माझा संयम सुटला. "पुरे, भावोजी! ती टाळी माझी नव्हती!"

"माहीत हाय."

"माहीत आहे?" मी ओरडलोच. "मग इतकी वर्षं माझ्या नावाने शंख का करताय?"

"हळू बोल." त्यांनी दाराकडे पाहिलं. "रोज सकाळी ऐकलीय ती टाळी. हजारात ओळखीन. पंचाची हाय की नाय हा विचारच आला नाय बघ मनात. हात आपसूक गेले वर." मग ते माझ्याकडे वळले. "तुला शिव्या घातल्या तर तू पालघरला जाऊन डाराडूर झोपतोस. तिला कळलं तर ती झोपेल काय? कोणाला तरी बोलायला नको?"

एवढ्यात ताई चहा घेऊन बाहेर आली. भावोजींचा आवाज लगेच चढला, "या माणसाने वाटोळं केलं माझं!"

"बस्स झालं तुमचं," ताई म्हणाली. "एकदा चुकला बिचारा. किती वर्षं बोलणार त्याला?"

मी मान खाली घातली आणि म्हणालो, "चुकलं माझं, भावोजी."