तिचं ‘न्हाई’

“आन् न्हाई म्हणलं तर?”

काहीही समजावून सांगितलं की पदर कमरेला खोचत ती हेच विचारायची. मी अंबाजोगाईच्या कोर्टात वकिली करते. मान खाली घालून कोर्टाच्या पायरीवर बसलेल्या बायका तुम्हीही पाहिल्या असतील. ही तशी नव्हती. धारूरकडची, मेंढरांमागं हिंडून रापलेली. माझ्याकडचा चहासुद्धा कप पदरानं पुसल्याशिवाय प्यायची नाही.

नवऱ्याला दुसरं लग्न करायचं होतं. ही माहेरी असताना त्यानं गावच्या देवळापुढं पंचांसमोर काडी मोडली आणि सोडचिठ्ठी झाली म्हणून सांगून टाकलं. कारण काय, तर बायको वांझ! खरं तर दवाखान्यात दोघांची तपासणी झाली होती आणि दोष त्याच्यात निघाला होता. त्याच्या अब्रूसाठी हिनं तोंड शिवून घेतलं होतं.

नव्या मुलीच्या बापाला मात्र नुसती काडी पुरेना. त्याला कोर्टाचा निकाल हवा होता. तेव्हा कुठं स्वारी संमतीच्या घटस्फोटासाठी हिच्या दारात आली.

मी तिला सांगितलं, “आज दोघांनी अर्ज द्यायचा. सहा महिन्यांनी जज्जसाहेब पुन्हा विचारतील. तेव्हाही हो म्हणालात, तरच घटस्फोट.”

“आन् न्हाई म्हणलं तर?”

“तर नाही होणार.”

ती पहिल्यांदाच हसली आणि सही करून गेली.

मधल्या काळात त्यानं मांडवाची सुपारी दिली. तारखेला नवा कोरा सदरा घालून आला. साहेबांनी विचारलं.

“न्हाई,” ती म्हणाली.

त्याचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं. साहेबांनी पुढची तारीख दिली.

व्हरांड्यात तो हात जोडून म्हणाला, “कावून असं करतीस?”

“जिथं काडी मोडलीस, तिथंच पंचाम्होरं खरं बोल. मग हो म्हणते.”

पंच घरचेच, बोभाटा होणार नाही, अशी त्याची समजूत. देवळापुढं त्यानं सगळं कबूल केलं. पंचांच्या मागं होणारा सासरा बसला होता. त्याला हिनंच निरोप धाडला होता. लग्न तिथंच मोडलं.

पुढच्या तारखेला त्यानं मान वर न करता होकार दिला आणि तीही शांतपणे “हो” म्हणाली. बाहेर आली आणि पायरीवर मटकन बसली.

“लई जीव लावलता ओ ह्याला, वकीलबाई.”

मी तिच्याजवळ बसले. थोड्या वेळानं तिनं डोळे पुसले, पदर खोचला आणि निघून गेली. नंतर ती कधीच दिसली नाही.

आजही एखादीला दुसऱ्या तारखेचं समजावताना ‘तरच घटस्फोट’ म्हणून मी थांबते. समोरची नुसती मान डोलावते, विचारत काहीच नाही. मग मीच सांगते, “बाई, नाही म्हणता येतं.”