नऊजण

माझे वडील काष्टीत जनावरांचे डॉक्टर होते. आमचा आठवडे बाजार शनिवारी भरतो, आणि शनिवार आमचा शब्बाथ, म्हणजे कुठलंही काम न करण्याचा देवाचा वार. बाबा त्या दिवशी घरात काडी ओढत नसत, पण बाजारात बैल किंवा म्हैस आजारी आहे असं कळलं की निघत. "गायीला कुठे ठाऊक आज काय वार आहे ते," म्हणत. फक्त शनिवारी कुणाकडून पैसे घेत नसत. पंचक्रोशीत लोक त्यांना 'इस्रायली डॉक्टर' म्हणत. म्हणजे नेमकं काय हे फार थोड्यांना माहीत होतं, आणि मीही कधी कुणाला नीट सांगितलं नाही. तालुक्यात ज्यूंचं असं आमचं एकच घर.

बाबा गेले ते सकाळी, चहा पिता पिता. आमच्यात दफन लांबवत नाहीत. मी पुण्याला हझानना, म्हणजे आमच्या सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणाऱ्यांना, फोन केला. ते म्हणाले, "दहा पुरुष लागतील. मी इथून माणसं घेऊन निघतो." आमच्या नियमाप्रमाणे तेरा वर्षांवरचे दहा ज्यू पुरुष हजर असल्याशिवाय मुलाला बापासाठी काद्दिश म्हणता येत नाही. काद्दिश म्हणजे मुलाने मोठ्याने म्हणायची प्रार्थना; बाकीचे 'आमेन' म्हणतात.

आमची छोटी दफनभूमी नगरला आहे. मी तिथे पोचलो तेव्हा माझ्यामागे काष्टीहून टेम्पो, जीपगाड्या, मोटारसायकली अशी रांगच लागली होती. सगळ्यांत पुढे अण्णा. अण्णा म्हणजे बाबांचे जुने दोस्त. त्यांचा गोठा आमच्या घरामागे. बाबांची तिरडी गाडीतून उतरवताना पहिला खांदा त्यांनीच दिला.

हझान आले. एकेकाकडे बघून त्यांनी मनातल्या मनात मोजलं आणि मला बाजूला घेतलं. त्यांच्याबरोबर निघालेल्या एका वयस्कर गृहस्थांच्या छातीत शिरूरपाशी कळ आली होती, त्यांना घेऊन एक गाडी परत गेली होती. नगरचे होते ते सगळे आलेले.

"नऊ झालेत," ते हळूच म्हणाले.

अण्णा जवळच उभे होते. त्यांनी ऐकलं.

"नऊ कसं म्हनता? शंभर मानूस हाय की हितं!"

मी म्हणालो, "अण्णा, आमच्यातले दहा लागतात."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. चिडले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "मंग आमी कुनातले?"

मी वळून पाहिलं. मागे ज्यांनी कामं टाकली होती, ज्यांच्या कपड्यांना अजून धारांचा वास येत होता, ती माणसं हात बांधून उभी होती. आमच्यात प्रार्थनेला डोकं झाकलेलं लागतं; त्या सगळ्यांची डोकी टोप्यांनी नाहीतर रुमालांनी झाकलेली. डोकं उघडं होतं ते एकट्या माझं. घाईत माझी टोपी घरी राहिली होती. हझाननी खिशातून एक काढून माझ्या डोक्यावर ठेवली, एखाद्या लहान पोराला घालावी तशी.

त्यांनी स्तोत्र वाचलं. काद्दिश झाली नाही. माती लोटायची वेळ आली तेव्हा अण्णांनी फावडं घेतलं नाही, ओंजळीनेच लोटत राहिले. मी त्यांच्याशेजारी गुडघ्यावर बसलो होतो आणि त्यांच्या हातांकडे बघण्याची मला हिंमत होत नव्हती.

बाबांना जाऊन महिना झाला, त्या दिवसाच्या प्रार्थनेला मी पुण्याला निघालो. आमचे जुने लोक सिनेगॉगला मशीदच म्हणतात, म्हणून बरोबर यायला निघालेले अण्णाही त्याच शब्दात विचारत होते, "तुमच्या मशिदीत आमाला चालतं का?" मी ठासून म्हणालो, "चालतं, का नाही चालणार?" ते धुतलेलं धोतर नेसून गाडीत बसले.

फाटकावर पोलीस होता. तिथे कायम बंदोबस्त असतो, ओळखपत्राशिवाय आत सोडत नाहीत. मला हे माहीत होतं, तरी निघताना आठवलं नाही. अण्णांचं आधार कार्ड घरी. मी विनवलं, हुज्जत घातली. पोलीस बिचारा सरळ माणूस होता, म्हणाला, "साहेब, माझी नोकरी जाईल."

तेवढ्यात हझान दारात आले. "लवकर या. तुम्हाला धरून दहा आहेत."

मी बाहेर थांबलो असतो तर आत पुन्हा नऊच उरले असते.

"जा," अण्णा म्हणाले. "डाक्टरचं काम आडकायला नको. म्या बसतो हितं."

मी गेलो. हिब्रू मला वाचता येत नाही. देवनागरीत लिहिलेली काद्दिश बोट ठेवून वाचली, तीही दोनदा अडखळत. प्रत्येक अडखळण्यावर हझान पुढचा शब्द पुटपुटत. 'आमेन' ऐकू आलं की माझे कान तापत. बापासाठी एवढंच करायचं होतं, आणि तेही दुसऱ्याच्या तोंडातून उचलून. शिवाय फाटकाबाहेर फुटपाथवर तो म्हातारा.

बाहेर आलो तर अण्णा पोलिसाबरोबर चहा पीत होते. पोलिसाच्या गावाकडच्या गायीला कासेचा आजार होता, त्याची चौकशी चालली होती.

"झालं?"

"झालं, अण्णा."

"नीट म्हनलास का?"

मी 'हो' म्हणालो. खोटं. त्यांना ते कळलं असावं.

घरी आल्यावर मी बायकोला सगळं सांगितलं. ती उठून पोह्यांचा डबा बघून आली. मग म्हणाली, "आपण मलिदा करू. गावाला बोलावू." मलिदा म्हणजे भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, फळं, एलियाहू संदेष्ट्याची आठवण काढून आमच्यात तो नवसाला, शुभकार्याला करतात. असा निमित्ताशिवाय करतात का, मी हझानना फोनवर विचारलं. ते म्हणाले, "करा. मी येतो."

अंगणात सतरंज्या टाकल्या. अण्णा येतील की नाही याची मला धाकधूक होती. ते आले, पण दाराशी, चपलांजवळ बसले. मी आत बोलावलं तर म्हणाले, "हितंच बरा हाय." त्या तीन शब्दांनी माझी मान खाली गेली. हझान उठले, ताट उचललं आणि अण्णांशेजारी, चपलांजवळच जाऊन बसले. प्रार्थना तिथूनच म्हटली. सगळ्यांना माना वळवून दाराकडे बघावं लागलं.

हझाननी पहिला घास अण्णांना दिला. अण्णांनी चावून पाहिला.

"गूळ थोडा कमी पडलाय," ते म्हणाले, आणि हात पुन्हा पुढे केला.